चित्र बघायलाही शिकवावं लागतं



'मोनालिसा हे चित्र कोणी काढलं?' असं सातवीच्या वर्गात विचारून बघा. चार-पाच हात लगेच वर जातील. 'लिओनार्दो द विंची!' आता पुढचा प्रश्न विचारा. 'त्या बाईच्या पाठीमागे चित्रात काय आहे?' बहुतेक वेळा वर्ग गप्प होतो. मागे नागमोडी रस्ता आहे, पाणी आहे, पूल आहे, डोंगर आहेत. चित्र मुलांनी कितीतरी वेळा पाहिलेलं असतं. वहीच्या कव्हरवर, जाहिरातीत, मोबाईलवरच्या विनोदातसुद्धा. पण थांबून बघितलेलं नसतं, कारण तसं बघायला त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पाश्चात्त्य कलेचा इतिहास आपल्याकडे येतो तो असाच, सामान्यज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतून. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, साल. जोड्या लावा. आणि चित्रकलेचा तास? सहामाही जवळ आली की तो गणिताला जातो, दहावीला तर जवळजवळ नाहीसाच होतो. पालकही तक्रार करत नाहीत. 'आमच्या मुलाला कुठे चित्रकार व्हायचंय?'

व्हायचं नसेलही. पण ते मूल सकाळी उठून शाळेत पोहोचेपर्यंत किती चित्रं बघतं ते मोजा. दुधाची पिशवी, टूथपेस्टचा खोका, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, बसवरची जाहिरात, मोबाईलवरचे फोटो. यातलं प्रत्येक चित्र कोणीतरी, काहीतरी ठरवून, कोणासाठी तरी बनवलेलं आहे. वाचता येण्यासाठी आपण मुलांवर दहा वर्षं मेहनत घेतो. बघता येण्यासाठी एक तासही देत नाही. माझं मत स्पष्ट आहे. पाश्चात्त्य कलेचा इतिहास शाळेत शिकवावा, पण नावं पाठ करायला नको. चित्राला प्रश्न विचारायची सवय लागावी म्हणून शिकवावा. त्यासाठी मोजकी सहा-सात चित्रंही पुरतात. ती कोणती आणि का, ते पुढे सांगते.

हा इतिहास आपल्या वर्गात आधीच आहे

'हे सगळं परदेशातलं, आपल्या मुलांना काय करायचंय?' हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. त्याचं उत्तर आपल्याच फळ्याजवळ आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला आपण मुलांना बसवतो. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही आग्रह धरतात. त्यात वस्तुचित्र, स्थिरचित्र असतं. टेबलावर तांब्या, दोन फळं, मागे कापड. प्रकाश डावीकडून, सावली उजवीकडे. ही मांडणी कुठून आली? टेबलावरच्या वस्तू हाच चित्राचा विषय करून त्यावर पडलेला उजेड रंगवण्याची परंपरा सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये भरभराटीला आली. आपल्याकडे ती इंग्रजांच्या काळातल्या कलाशिक्षणाबरोबर रुजली. मुंबईत १८५७ साली सुरू झालेलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट हे त्या शिक्षणाचं मोठं केंद्र.

घरातही बघा. देवघरातली लक्ष्मी, कॅलेंडरवरची सरस्वती. राजा रविवर्मांनी युरोपीय तैलरंगाची पद्धत आत्मसात केली, १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि ती चित्रं घरोघर पोहोचवली. देवी आपली, साडी आपली. पण गालावरचा उजेड, दंडाचा गोलावा आणि मागे दूर जाणारं पाणी रंगवायची रीत युरोपातून आलेली. म्हणजे हा इतिहास आपण रोज वापरतो. फक्त तो आपल्याला कोणी सांगितलेला नाही.

वर बघणारी मुलगी

सुरुवात कुठून करावी? मी अल्तामिरापासून करते, कारण ही गोष्ट एका लहान मुलीची आहे.

१८७९ साली उत्तर स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत मार्सेलिनो सांझ दे सौतुओला नावाचे एक गृहस्थ जमिनीत आदिमानवाची हत्यारं शोधत होते. त्यांची नजर खाली. सोबत त्यांची आठ वर्षांची मुलगी मारिया होती. तिची नजर वर गेली. छतावर तिला बैलांसारखे प्राणी दिसले, लाल-काळ्या रंगातले. ते होते बायसन, म्हणजे रानगव्यांसारखे दिसणारे प्राणी. चित्रकाराने दगडाचे नैसर्गिक फुगवटे वापरून त्यांची पोटं आणि पाठी उठवल्या होत्या.

वडिलांनी हे जगापुढे मांडलं, तर तज्ज्ञांनी ते उडवून लावलं. हिमयुगातल्या 'रानटी' माणसाला इतकं चांगलं चित्र येणंच शक्य नाही, ही चित्रं आत्ताचीच कोणीतरी काढलेली, असं म्हटलं गेलं. सौतुओला १८८८ साली गेले, तोवर त्यांच्यावरचा संशय गेला नव्हता. फ्रान्समध्ये तशाच आणखी गुहा सापडल्यावर, १९०२ साली, विरोधकांपैकी एक मोठे अभ्यासक एमिल कार्तेलाक यांनी लेख लिहून आपली चूक जाहीर कबूल केली.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं सावरून बसतात. विचारा त्यांना, तज्ज्ञांना समोरचं चित्र का दिसलं नाही? त्यांनी आधीच ठरवलं होतं म्हणून. बघण्याच्या आड येणारी पहिली गोष्ट डोळ्यांत नसते, डोक्यात असते. कलेच्या इतिहासातला हा पहिला धडा, आणि तो आठ वर्षांच्या मुलीने दिलेला आहे.

पांढरा पुतळा कोणी पांढरा केला?

ग्रीक शिल्प म्हटलं की डोळ्यांसमोर पांढराशुभ्र संगमरवर येतो. अथेन्समधलं पार्थेनॉन मंदिर इसवी सनपूर्व ४४७ ते ४३२ या काळात उभं राहिलं. त्यावरची शिल्पं त्या वेळी रंगीत होती. निळा, लाल, सोनेरी. आपल्या गावातल्या देवळाच्या शिखरावरचे रंगीत पुतळे आठवा, चित्र त्याच्या जवळचं होतं. काळाच्या ओघात रंग उडाले. मग युरोपातल्या विद्वानांनी त्या उघड्या दगडालाच सौंदर्याचा आदर्श ठरवलं.

हा आदर्श किती घट्ट बसला होता बघा. लॉर्ड एल्गिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पार्थेनॉनवरची बरीच शिल्पं काढून इंग्लंडला नेली. १८१६ साली ती सरकारने विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमकडे दिली. तिथे १९३७-३८ साली सफाईच्या नावाखाली काही शिल्पांचा पृष्ठभाग धातूच्या अवजारांनी खरवडला गेला. का? ती अधिक पांढरी दिसावीत म्हणून! पुरावा समोर असताना तो आपल्या समजुतीला जुळवून घेतला गेला.

इथे वर्गात छान वाद घडवून आणता येतो. ग्रीस आजही ती शिल्पं परत मागतो आहे. ती कुठे असावीत? अर्धा वर्ग अथेन्सच्या बाजूने, अर्धा लंडनच्या बाजूने. आपल्याही कितीतरी वस्तू परदेशातल्या संग्रहालयांत आहेत, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

भिंतीतली खिडकी

लहान मूल चित्रात आईला घरापेक्षा मोठी काढतं. आपण म्हणतो, 'अरे, आई घरात मावेल का?' पण मध्ययुगातले युरोपीय चित्रकारही हेच करत होते. जो महत्त्वाचा, तो मोठा. मागे सोनेरी रंग, कारण जागा स्वर्गातली. त्यांना चित्र येत नव्हतं असं नाही. त्यांना जे सांगायचं होतं त्यासाठी तीच पद्धत योग्य होती.

मग बदल होऊ लागला. इटलीत पाडुआ इथल्या एका लहान चर्चमध्ये जोत्तो याने सुमारे १३०५ साली भित्तिचित्रं काढली. त्यातलं येशूच्या मृत्यूनंतरच्या शोकाचं चित्र दाखवा. पुढे दोन माणसं चक्क आपल्याकडे पाठ करून बसली आहेत. मुलांना विचारा, पाठ दाखवणारी माणसं का काढली असतील? थोडा वेळ द्या. कोणीतरी नक्की सांगेल की आपणही त्यांच्या मागे बसलोय असं वाटतं. अगदी बरोबर. प्रेक्षक पहिल्यांदाच चित्राच्या आत ओढला जातो आहे.

पुढच्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने एक गमतीचा प्रयोग केला. एका इमारतीचं चित्र काढून त्याच्या फळीला भोक पाडलं. फळीच्या मागून त्या भोकातून बघायचं आणि समोर धरलेल्या आरशात चित्राचं प्रतिबिंब पाहायचं. चित्र आणि खरी इमारत तंतोतंत जुळत होती. यालाच आपण यथार्थदर्शन म्हणतो. सुमारे १४२७ साली मासाच्चो या पंचविशीतल्या चित्रकाराने फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये 'ट्रिनिटी' हे भित्तिचित्र काढलं. सपाट भिंतीच्या आत खरोखरची खोली आहे असा भास होतो. १४३५ साली आल्बेर्ती याने या पद्धतीचे नियम ग्रंथात मांडले आणि चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली.

हे फळ्यावर समजावू नका. मुलांना खिडकीशी उभं करा, एक डोळा मिटायला सांगा आणि बाहेरचा व्हरांडा किंवा रस्ता काचेवर मार्करने गिरवायला सांगा. रेषा कशा एका बिंदूकडे धावतात ते हाताला कळतं. पाचच मिनिटं लागतात. मार्कर पुसला जाणारा घ्या, नाहीतर शिपाईकाका ओरडतील!

पण इथेच एक गोष्ट आपण शिक्षकांनी लक्षात ठेवायला हवी. ही पद्धत एका डोळ्याने, एका जागी उभं राहून बघण्याची आहे. ती पंधराव्या शतकात एका शहरात घडली. तो निसर्गाचा नियम नव्हे. वारली चित्रात तारपा नाच वरून बघितल्यासारखा गोल दिसतो आणि नाचणारी माणसं मात्र समोरून दिसतात. दोन्ही एकाच चित्रात, आणि नाच अगदी नीट समजतो. मग चौथीतल्या मुलीने विहीर वरून आणि झाड समोरून काढलं, तर त्यावर लाल पेनने 'चूक' लिहायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? 'अशीही एक पद्धत आहे आणि तशीही एक आहे,' एवढं सांगितलं तरी पुरे. कित्येक मुलांचं चित्र काढणं त्या एका लाल खुणेने कायमचं थांबतं. कलेचा इतिहास माहीत असलेला शिक्षक ती खूण करणार नाही.

गोव्याहून निघालेला गेंडा

एकच धडा घ्यायला वेळ असेल तर मी सांगेन, हा घ्या.

गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरला, म्हणजे आफोन्सो द अल्बुकर्कला, एक जिवंत गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो जहाजात घालून गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. २० मे १५१५ रोजी गेंडा लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपात कोणी गेंडा पाहिलेला नव्हता. शहरभर गलका झाला. कोणीतरी त्याचं वर्णन आणि रेखाटन जर्मनीतल्या न्युरेम्बर्गला पाठवलं. ते आल्ब्रेख्त ड्यूरर या मोठ्या चित्रकाराच्या हाती पडलं.

ड्यूररने गेंडा कधीच पाहिला नाही. त्या कागदावरून त्याने चित्र रचलं, त्याचा लाकडी ठसा तयार झाला आणि प्रती छापून विकल्या गेल्या. चित्र अप्रतिम आहे. पण नीट बघा. गेंड्याच्या अंगावर लोखंडी चिलखतासारखी ताटं आहेत, पायांवर खवले आहेत आणि खांद्यावर एक जादा छोटं शिंग आहे. असं शिंग कुठल्याही गेंड्याला नसतं.

खरा गेंडा पुढे पोपला भेट म्हणून निघाला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला. छापील गेंडा मात्र जगला. पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपातल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तोच पुन्हा पुन्हा उतरवला गेला, जादा शिंगासकट. मधल्या काळात खरे गेंडे युरोपात येऊन गेले, तरीही लोकांचा चित्रावरचा विश्वास बराच काळ सुटला नाही.

आता याच्या शेजारी आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी आलेला फोटो ठेवा. 'हे बघा, अमुक ठिकाणी काय घडलं!' कोणी पाहिलं? कोणी काढलं? कुठून आलं? फॉरवर्ड करणाऱ्याला माहीत नाही, त्याला पाठवणाऱ्यालाही माहीत नाही. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. ती ड्यूररच्या चित्रासारखीच सुबक असतात आणि त्यांतही कधीकधी कुठेतरी एक जादा शिंग असतं. फोटोत जादा बोट, पाटीवर वेडीवाकडी अक्षरं. 'शिंग शोधा' हा खेळ मुलांना लावून द्या. पाचवीतलं मूल आजोबांच्या फोनवरचा खोटा फोटो पकडतं तेव्हा चित्रकलेच्या तासाचा उपयोग वेगळा सांगावा लागत नाही.

भिंतीवर टांगलेल्या दोघी

'चित्रात कोण आहे?' याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे 'चित्रात कोण नाही?'

लंडनमध्ये १७६८ साली रॉयल अकॅडमी ही कलासंस्था स्थापन झाली. संस्थापक सदस्यांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. काही वर्षांनी झोफानी या चित्रकाराने अकॅडमीच्या सदस्यांचं समूहचित्र काढलं. सगळे पुरुष एका खोलीत जमले आहेत, समोर पुरुष मॉडेल उघड्या अंगाने बसला आहे. मानवी शरीराचा अभ्यास चालला आहे. आणि त्या दोघी? त्या खोलीत नाहीत. भिंतीवर टांगलेल्या दोन व्यक्तिचित्रांत त्यांचे चेहरे तेवढे दिसतात. स्त्रियांनी अशा वर्गात बसणं त्या काळी अशोभनीय मानलं जाई.

मुलांना हे चित्र दाखवा आणि दोघींना शोधायला सांगा. सापडायला वेळ लागतो. सापडल्यावर मुलींच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघण्यासारखं असतं. मग सांगा की मोठी ऐतिहासिक, धार्मिक चित्रं काढायला शरीराचा अभ्यास लागत असे आणि तोच स्त्रियांना बंद होता. त्या दोघींनंतर अकॅडमीची पूर्ण सदस्य म्हणून निवडून आलेली पहिली स्त्री होती लॉरा नाइट, १९३६ साली! 'मोठ्या चित्रकारांत बायका का नाहीत?' हा प्रश्न मुलं विचारतातच. त्याचं उत्तर 'त्यांना येत नव्हतं' हे नाही, एवढं या एका चित्रातून पोहोचतं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली चित्रं उघडून हाच प्रश्न तिथेही विचारता येतो.

कॅमेरा आला, मग चित्रकाराने काय करायचं?

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याच्या छायाचित्रणाच्या पद्धतीची घोषणा झाली. माणसाचा हुबेहूब चेहरा आता यंत्र काढू लागलं. चित्रकाराने काय करायचं? आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आपली मोठी मुलं करिअरबद्दल नेमकं हेच विचारत आहेत. म्हणून ही गोष्ट नववी-दहावीला अवश्य सांगावी.

त्याच सुमारास, १८४१ साली, जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरून ठेवायची पत्र्याची ट्यूब शोधली. पूर्वी रंग घोटून तयार करावे लागत, ते बाहेर नेणं कटकटीचं. आता ट्यूबा पिशवीत टाकायच्या, रेल्वे पकडायची आणि नदीकाठी जाऊन चित्र काढायचं. क्लोद मोने आणि त्याच्या मित्रांनी तेच केलं. यंत्राला तेव्हा न जमणारी गोष्ट त्यांनी हाती घेतली, ती म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा रंगीत उजेड. १८७४ साली त्यांनी पॅरिसमध्ये स्वतःचं प्रदर्शन भरवलं, तेही एका छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. मोनेच्या एका चित्राचं नाव होतं 'इंप्रेशन, सूर्योदय'. एका समीक्षकाने त्यावरून टिंगल केली आणि तोच शब्द चळवळीचं नाव बनला, इंप्रेशनिझम, म्हणजेच दृक्प्रत्ययवाद.

नुसता 'मोने' हा शब्द पाठ केला तर दोन दिवसांत विसरला जातो. रंगाची ट्यूब, रेल्वे, कॅमेरा आणि हट्टी मित्रांचा एक गट अशी साखळी सांगितली तर विज्ञान, इतिहास आणि कला एकाच तासात हातात हात घालून येतात.

रंग नसलेलं चित्र

शेवटचं चित्र पिकासोचं 'गेर्निका'. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या यादवी युद्धात गेर्निका गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले. पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये होता. त्याने काही आठवड्यांत सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद चित्र पूर्ण केलं. वर्गाची एक अख्खी भिंत भरेल एवढं.

यात एकही विमान नाही. बॉम्ब नाही. रक्ताचा लाल रंग नाही. काळा, पांढरा, करडा, वर्तमानपत्रासारखा. मेलेलं बाळ घेऊन आकाशाकडे तोंड करून ओरडणारी आई, किंचाळणारा घोडा, मोडलेली तलवार. 'युद्धाचं चित्र काढा' म्हटल्यावर मुलं रणगाडे आणि बंदुका काढतात. आधी ती काढू द्या. मग 'गेर्निका' दाखवा आणि विचारा, यात बंदूक का नाही? बोलणं सुरू होईल ते तासाची घंटा झाली तरी थांबणार नाही.

या चित्राची विणलेली प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत लावलेली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये, इराकवरच्या युद्धाची चर्चा तिथे चालू असताना, ती निळ्या पडद्याने झाकण्यात आली. कॅमेऱ्यांसाठी साधी पार्श्वभूमी हवी, असं कारण दिलं गेलं. त्यावर तेव्हा जगभर चर्चा झाली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं एक चित्र झाकावंसं वाटतं, तर चित्रात काहीतरी ताकद असणारच. हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

तीन आक्षेप

'आपलं सोडून पाश्चात्त्य कशाला?' सोडून कशाला? शेजारी ठेवून. अल्तामिराशेजारी भीमबेटका ठेवा, जोत्तोशेजारी अजिंठा ठेवा. शिवाय कलेत ये-जा दोन्ही बाजूंनी झाली आहे. गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अकबराच्या दरबारात युरोपीय छापील चित्रं नेली. अबुल हसन या मुलाने वयाच्या तेराव्या वर्षी, १६०० च्या सुमारास, ड्यूररच्या चित्रावरून एक सुंदर रेखाटन केलं, तो पुढे जहांगीरचा आवडता चित्रकार झाला. तिकडे हॉलंडमध्ये रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली. जे एकमेकांकडून शिकत होते त्यांना आपण कशाला वेगळं करायचं?

'त्यात नग्न चित्रं असतात.' असतात. वयानुसार निवड करणं हे आपलंच काम आहे, ते आपण मराठीच्या धड्यांतही करतो. वर सांगितलेल्या गोष्टी पाचवीपासून दाखवण्यासारख्या आहेत. झोफानीच्या चित्रात मॉडेल आहे, ते सातवी-आठवीनंतर घ्या. आणि मुलाने विचारलंच तर हसण्यावारी न नेता दोन वाक्यांत सरळ उत्तर द्या. लपवल्याने कुतूहल मोबाईलकडे वळतं.

'वेळ कुठे आहे?' हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी नवा विषय मागत नाही. चित्रकलेचे जे तास वेळापत्रकात आहेत, त्यांतला महिन्यातून एक मागते आहे. अट एकच, तो तास गणिताला द्यायचा नाही.

पस्तीस मिनिटांत काय करता येईल

एक मोठी रंगीत प्रिंट किंवा प्रोजेक्टर पुरतो. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आपल्या संग्रहातली हजारो चित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवून घेऊ देतात. पैसे लागत नाहीत.

पहिली दोन मिनिटं पूर्ण शांतता, फक्त बघायचं. हे सर्वांत अवघड आहे, आपल्यालाही! मग दहा मिनिटं 'काय दिसतं?' एवढंच. 'सुंदर आहे', 'दुःखी आहे' असं नको. माणूस, कुत्रा, तुटलेली काठी, उघडं दार असं सांगायचं. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची आणि आधीच्याने सांगितलेली पुन्हा सांगायची नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला कधीकधी सगळ्यांत जास्त दिसतं, हा अनुभव मला नेहमी येतो. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला वर्गात पहिल्यांदा 'बरोबर!' ऐकायला मिळण्याची ही जागा आहे.

त्यानंतर चार प्रश्न. हे कोणी बनवलं? कोणासाठी? ते कुठे लावायचं होतं? आणि यात काय दाखवलेलं नाही? शेवटी आपण गोष्ट सांगायची, साल-नाव सांगायचं. आधी नाही. नाव आधी सांगितलं की मुलं बघायचं थांबतात. अखेरची पाच मिनिटं वहीत दोन ओळी. परीक्षा नको, गुण नकोत.

पालकांसाठी तर याहून सोपं आहे. रिक्षात बसल्यावर समोरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवा. सर्वांत मोठा चेहरा कोणाचा? का मोठा? पैसे कोणी दिले असतील? 'महत्त्वाचा तो मोठा' हा मध्ययुगातला नियम आपल्या चौकात ठणठणीत आहे, हे मुलाला लगेच दिसेल. क्रीमच्या जाहिरातीतल्या मुलीचा चेहरा इतका नितळ कसा, हेही विचारा. आपल्या रंगावरून आरशासमोर खट्टू होणाऱ्या मुलीला त्या एका प्रश्नाने जो आधार मिळतो, तो आपल्या दहा उपदेशांनी मिळत नाही. समोरचं चित्र बनवलेलं आहे आणि ते तिला काहीतरी विकण्यासाठी बनवलेलं आहे, हे तिला स्वतःला दिसलेलं असतं.

आपली मुलं चित्रकार होतील की नाही ते माहीत नाही. पण ती मतदार होणार आहेत, ग्राहक होणार आहेत, बातम्या बघणार आहेत, फोटो पुढे पाठवणार आहेत. प्रत्येक ठिकाणी त्यांच्यासमोर आधी चित्र येणार आहे आणि शब्द मागून. येत्या वर्षाचं वेळापत्रक लावायला बसाल तेव्हा चित्रकलेच्या तासावर खोडरबर फिरवण्याआधी एवढं लक्षात असू द्या. आणि उद्याच सुरुवात करायची असेल तर ड्यूररचा गेंडा छापून वर्गात न्या. काहीही सांगू नका. फक्त विचारा, 'यात चूक काय आहे?'